गुळाला काटा येत नाही

गुळाला काटा येत नाही. हे वाक्य माझ्या मोठ्या काकूचं. पौष लागला की ती ते ऐकवायचीच, कारण दरवर्षी घरातलं एखादं पोर तिला विचारायचं, साखर एवढी महाग तर गुळाचाच हलवा का नाही करत? पुढे मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा स्फटिकांचा धडा याच वाक्याने सुरू करत असे. गुळात नुसती साखर नसते. ग्लुकोज असतं, फ्रुक्टोज असतं, क्षार असतात, ओलावा असतो. या गर्दीत साखरेच्या रेणूंना ओळीने बसायला जागाच मिळत नाही, आणि ओळ लागली नाही तर स्फटिक कुठला? वर गूळ हवेतलं पाणीही ओढून घेतो. म्हणून तिळगुळाची वडी चिवट, आणि हलव्याचा दाणा कोरडा, टणक, अंगभर काटे असलेला.

संक्रांतीला आपण दोन्ही एकाच डब्यातून वाटतो, त्यामुळे दोन्ही एकाच वयाचे वाटतात. मला काही ते पटत नाही. तीळ शेतातले, गूळ गावच्या गुऱ्हाळातला. त्यासाठी कोणाला बाजार गाठावा लागत नव्हता. हलव्याला लागते स्वच्छ पांढरी साखर, आणि ती साध्या घरात डबाभरून राहू लागली त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. खडीसाखर होती, पण ती देवापुढे नाहीतर आजाऱ्याच्या उशाशी. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसची साखर मुंबईच्या बंदरात उतरू लागली. माझी आजी पांढऱ्या साखरेला शेवटपर्यंत ‘मोरस’च म्हणायची. मागून जावाची साखर आली. मग १९३२ साली सरकारने बाहेरच्या साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशात तीसेक कारखाने होते ते चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेले. सासवडच्या माळी बागायतदारांनी अकलूजजवळ माळीनगरला कारखाना काढला तो याच लाटेत. १९५०मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. ऐपतीच्या घरांत हलवा त्याआधीही होत असणार, पण आमच्यासारख्या बिऱ्हाडकरूंच्या स्वयंपाकघरात तो आला त्याचं श्रेय मी कारखान्यांच्या चिमण्यांना देते. हलव्याचा इतिहास शोधायचा तर व्रतवैकल्यांच्या पोथ्या बाजूला ठेवून गाळपाच्या नोंदवह्या काढाव्यात.

आणि रेशनकार्डंही. दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर आली आणि पुढे कितीतरी वर्षं येत-जात राहिली. माझ्या लहानपणी साताऱ्याच्या वाड्यात दिवाळी संपली की काकू आमच्या चहात गूळ घालायला सुरुवात करायची. आलेल्या रेशनमधली वाटी-वाटी साखर एका बरणीत जमा व्हायची आणि बरणीला कोणी हात लावायचा नाही. गुळाचा चहा फाटायचा, काका कुरकुरायचे. पण बरणी भरायची.

हलवा म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम. पांढरे तीळ निवडून, धुऊन, सावलीत वाळवून हलके भाजून घ्यायचे. शेगडीत लोणारी कोळसा, त्यावर राखेचा इतका जाड थर की परातीच्या तळाला बोट टेकवलं तर गरम लागावं पण पोळू नये. परात पितळेची, कल्हईची, पुसून लख्ख. पाकाला साखर बुडेल एवढंच पाणी. उकळी फुटली की चमचाभर दूध, आणि मग जी करडी मळी वर येते ती झाऱ्याने काढून टाकायची. दुधातली प्रथिनं उकळत्या पाकात साकळतात आणि साखरेतला बारीक कचरा आपल्या जाळ्यात धरून वर आणतात. तेव्हाची साखर आजच्याइतकी पांढरी नसायची, त्यामुळे मळी चांगली वाटीभर निघायची. समोरच्या बिऱ्हाडात दुधाऐवजी लिंबू पिळत. काकू त्यावर नाक मुरडायची, आणि तिचं नाक बरोबर होतं : आंबटाने साखर फुटते, तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, म्हणजे गुळातली गर्दी आपण आपल्या हाताने पाकात आणतो. गुलाबजामचा पाक आळू नये म्हणून हेच मुद्दाम करतात. हलव्याचं सगळं गणित उलटं, इथे साखर बाहेरच पडायला हवी.

पाक एकतारी झाला की परातीसमोर पाट मांडायचा. चमचाभर पाक तिळांवर पडला की ते ओले, काळपट दिसतात आणि एकमेकांना बिलगतात. बोटांच्या पेरांनी त्यांना गोल फिरवत, गुठळ्या मोडत राहायचं. बराच वेळ काही होत नाही. मग आवाज बदलतो. ओल्या तिळांची चुळचुळ थांबते आणि कोरडी सळसळ सुरू होते. त्याच क्षणी सगळ्या परातीवर पांढुरकी झाक येते. काकू डोळे मिटूनही पुढचा चमचा बरोबर वेळेला घालायची. खोलीच्या तापमानाला शंभर ग्रॅम पाणी साधारण दोनशे ग्रॅम साखर विरघळवून ठेवू शकतं, उकळत्या पाण्यात हाच आकडा पाचशेच्या जवळ जातो. पातळ थरातलं पाणी उडालं की साखरेला राहायला जागा उरत नाही, आणि मग ती थोडी थोडी नाही, एकदम बाहेर पडते. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत तुरटीचे खडे वाढवायला आठ-आठ दिवस लागायचे आणि मुली कंटाळायच्या. इथे दर दोन मिनिटांनी स्फटिकीभवन, आणि त्याचा आवाजसुद्धा येतो.

पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा आणि फुगीर. मध्येच थांबून चाळणीने भुगा काढायचा, कारण भुगा राहिला तर पुढच्या पाकातली साखर तिळावर न बसता त्या कणांवर बसते. भुगा परत पाकात. काही वाया जात नसे. दुसऱ्या दिवशी अंगावर टेंगळं दिसू लागत. त्यानंतरच्या पहाटे काटे. घाईने दोन चमचे एकदम घातले तर आलेले काटे विरघळून दाणा पुन्हा गोटा व्हायचा. फार जोरात फिरवलं तर काटे मोडायचे. काकूच्या बोटांची पेरं त्या दिवसांत गुळगुळीत होऊन जात.

या सगळ्यात पोरांचा भाग ठरलेला होता. अगदी लहानांनी तीळ निवडायचे आणि चाळणीखालचा भुगा ताटलीत गोळा करायचा, मधूनच चाटायचा. शाळेत जाणाऱ्यांनी परातीशेजारी बसून चमचे मोजायचे, गुठळी दिसली की ओरडायचं. ज्याला नेम धरून पाक घालता येईल असा हात आला, त्याला चमचा मिळायचा. आणि परात? ती मिळायला मुंजीचं वय व्हावं लागे, मुलीला मुंज नसली तरी. “हात धू नि मगच बस, घामेजला हात असेल तर काटा येत नाही,” हा दम सगळ्यांना. संध्याकाळी प्रत्येकाच्या तळहातावर काकू एकच दाणा ठेवायची. खायचा नाही, बघायचा. मग आम्ही तो काकांच्या भिंगाखाली धरायचो, कालच्या दाण्याशी ताडून बघायचो, आणि मग खायचो. याला कोणी प्रयोग म्हटलं नाही. सणाचं काम होतं.

आभाळ आलेल्या दिवशी मात्र परात निघायची नाही. थंडी कडक पडली की काटा छान येतो, ही सगळ्या बायकांची खात्री. ऐन वेळी ढग आले तर कोणाची तरी दृष्ट लागल्याचं निदान व्हायचं. यातली थंडी खरी, दृष्ट सोडून देऊ. थंड हवेत वाफ मुळातच कमी असते. तीच हवा परातीजवळ येऊन गरम झाली की आणखी कोरडी पडते आणि दाण्यावरचं पाणी हावऱ्यासारखं शोषून घेते. दाण्याचं जे टेंगूळ जरा वर आलंय त्याला सगळ्या बाजूंनी वारा लागतो, परातीची धगही आधी तिथे लागते. साहजिकच पाक सुकतो तो टोकावर, साखर बसते ती टोकावर, टोक आणखी वर येतं. दमट हवेत पाक सुकायला वेळ लागतो. तेवढ्यात तो वाहत जाऊन दोन टेंगळांमधली फट भरतो. काटा संपला.

हे कोडं एका मोठ्या पदार्थविज्ञान्यालाही पडलं होतं, हे मला नोकरीत बरीच वर्षं झाल्यावर कळलं. तोक्योच्या विद्यापीठातले तेरादा तोराहिको भूकंपांपासून तडे जाण्याच्या नक्षीपर्यंत रोजच्या डोळ्यांसमोरच्या गोष्टींवर काम करायचे, आणि लेखकही होते. १९२७ साली त्यांनी जपानच्या कोंपेइतो नावाच्या मिठाईवर एक टिपण लिहिलं. कोंपेइतो म्हणजे डिट्टो आपला हलवा, फक्त दाणा मोठा नि शिंगं बोथट. तेरादांचा प्रश्न असा : दाणा परातीत सगळ्या बाजूंनी फिरतोय, कुठल्याच दिशेला झुकतं माप नाही, मग तो गोल का होत नाही? आणि शिंगं फुटायची तर नेमकी इथेच का, तिथे का नाही? त्यांचं म्हणणं असं की सगळीकडे सारखं हे आपण कागदावर धरतो. प्रत्यक्षात कुठेतरी कणभर चढउतार असतोच, आणि अशा काही प्रक्रिया आहेत की त्या चढउताराला मोडून न काढता वाढवत नेतात. आज या विषयावर भौतिकशास्त्रात ढीगभर काम झालंय, पण सुरुवात करायला परातीइतकी सोयीची जागा मला दिसत नाही.

कोंपेइतो जपानला गेला पोर्तुगिजांबरोबर. १५६९ साली लुइस फ्रोइश या जेझुइट पाद्र्याने क्योतोमध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बरणीतून ही साखरेची मिठाई नजर केली. हा फ्रोइश लिस्बनचा, पण १५४८पासून गोव्यात होता. तिथेच शिकला, तिथेच त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि मग तो जपानच्या जहाजात बसला. मिठाई आली तरी ती करायची कशी हे जपान्यांना कितीतरी काळ कळेना. १६८८मध्ये छापलेल्या इहारा साइकाकूच्या एका कथेत नागासाकीचा एक माणूस ती युक्ती शोधून काढतो, आणि ती युक्ती काय? साखरेत शिजवलेले तीळ वाळवून तव्यावर तापवायचे! ते वाचताना मला काकूची परातच दिसली. इंग्लंडातही सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ह्यू प्लॅटने घरच्या बायकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात बडीशेप, धने यांवर साखर चढवायची रीत आहे : निखाऱ्यावर दोरांनी टांगलेलं पसरट भांडं, पळीपळीने पाक, हाताने ढवळणं. गुळगुळीत दाणा हवा तर काय करायचं आणि खडबडीत हवा तर पाक किती गरम नि किती उंचावरून सोडायचा, हेही तो सांगतो. नागासाकी, लंडन, सातारा. भांडं, धग आणि हात तेच. फरक इतकाच की तिकडे हे व्यापाऱ्याचं गुपित नाहीतर खानदानी बायकांचा छंद झालं, आणि आपल्याकडे ते एका तिथीला बांधलेलं, सगळ्या वाड्यादेखत होणारं काम राहिलं.

तिथी म्हटलं खरं, पण संक्रांत ही तिथीने न येता तारखेने येते, यावर मुलं अडतात. आणि तारीखही पक्की नाही. विवेकानंदांचा जन्म १८६३च्या संक्रांतीचा, ती १२ जानेवारीला होती. आपल्या पंचांगाचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं आहे, त्यामुळे दर बहात्तर वर्षांच्या आसपास संक्रांत एक दिवस पुढे सरकते. आता ती कधी चौदाला येते, कधी पंधराला. काही हजार वर्षं गेली तर ती थंडीतून बाहेर पडेल, मग काट्याचं काय, हा प्रश्न मला सातवीतल्या एका मुलीने विचारला होता. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते, पण प्रश्नांना गुण द्यायची सोय आपल्या पत्रिकेत नाही.

हलव्याच्या हाताखालून पोरं निघून गेली ती मात्र थंडीमुळे नव्हे. १९५५च्या सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस आला, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो आमच्यापर्यंत पोचला आणि शेगड्या माळ्यावर गेल्या. गॅसची ज्योत कितीही बारीक केली तरी परातीच्या मधोमध एक गरम डाग पडतो; तिथली साखर पिवळी होते, कडेची ओली राहते. बायकांनी खाली जाड तवा ठेवून पाहिला, त्याने बऱ्यापैकी जमतं. पण शेगडी जमिनीवर असायची, तिच्याभोवती सहा पोरं बसू शकायची. गॅसचा ओटा मुलांच्या डोक्याच्या वर. चार वर्षांच्या मुलाला त्या परातीत काय चाललंय हे दिसतच नाही. स्वयंपाकघरं उभी झाली याचे फायदे मला मान्य आहेत, माझे गुडघे ते रोज सांगतात. पण मुलांची बसायची जागा तेव्हाच गेली.

त्याच सुमारास हलवा हाताच्या कामातून अंगावरच्या कामात गेला. हलव्याचे दागिने तसे जुनेच : लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि पांढरेशुभ्र दागिने, जावयाला हलव्याचा हार आणि नारळ, तान्ह्या बाळाच्या बोरन्हाणाला काळं झबलं, मुकुट, बाजूबंद, हातात बासरी. पूर्वी आपल्याच घरचा हलवा दोऱ्यात गुंफून, जाड कागदावर चिकटवून हे व्हायचं आणि नथीसाठी काटेरी बारीक दाणा वेगळा काढून ठेवलेला असायचा. आता दसऱ्यापासूनच कितीतरी घरांतल्या बायका हे दागिने करायला बसतात, दादरच्या आणि पुण्याच्या बाजारात माळा लटकतात, संच परदेशातल्या लेकी-सुनांकडे जातात. चांगला गृहउद्योग आहे, माझी तक्रार नाही. बोरन्हाणात बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे यांच्या जागी चॉकलेटं पडतात, त्याबद्दल मात्र आहे. पाटावरच्या बाळाला काय, काहीही चालतं. भोवतीची मोठी पोरं जी वेचायला धावतात त्यांना बोर कसं दिसतं ते कळावं, एवढा तरी त्या न्हाणाचा उपयोग होता.

हल्ली सुट्टीतल्या शिबिरांत ‘स्वयंपाकघरातलं विज्ञान’ असतं. खाण्याचा सोडा आणि लिंबाचा ज्वालामुखी, काडीवर वाढवलेली रंगीत साखर. काडीवरच्या साखरेला माझा विरोध नाही, पण ती आठवडाभर बरणीत आपली आपण वाढते आणि मूल दुसऱ्या दिवशी तिला विसरतं. म्हणून गेली काही वर्षं मी आमच्या सोसायटीतल्या पोरांना जानेवारीत गच्चीवर बसवते. कोळशाची शेगडी मिळवणं अवघड नाही. पाक मी करते, शेगडीपाशी मी बसते, कारण पाकाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट : चिकटून राहतो. तिळांना काटा येईतो धीर नसलेल्या वयासाठी साबुदाणा किंवा डाळं घेते, दाणा मोठा असला की बदल लवकर दिसतो. चार-पाच वर्षांची मुलं निवडतात, चाळतात, आवाज बदलला की हात वर करतात. त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत, हे दरवर्षी सिद्ध होतं. सहा-सातची पोरं रोज एक दाणा भिंगाखाली बघून वहीत काढतात आणि शेजारी आकाश कसं होतं ते लिहितात. एका परातीत लिंबू पिळलेला पाक, एकीत साधा. शेवटी एक वाटी गुळाच्या पाकाचीही, कारण विचारणारं कोणीतरी असतंच.

मागच्या खेपेला मी दुकानातला हलवाही भिंगाखाली ठेवला. तो फिरत्या कढईत होतो, मोठ्या प्रमाणावर. दाणे एकमेकांवर सारखे आदळतात, म्हणून काटे आखूड, बोथट आणि एकसारखे. आमचे लांब, वेडेवाकडे, काही अर्धे मोडलेले. कुठला जास्त चांगला यावर पोरांत तट पडले. निम्म्यांना दुकानाचा आवडला, कारण तो जिभेला टोचत नाही. मी बरीच बाजू मांडली, पण मत बदललं नाही कोणी, आणि दोन्ही वाट्या संध्याकाळपर्यंत रिकाम्या झाल्या.